क्लासिक स्पोर्ट्‌स कार वेळेत सोडताना: निर्णयापासून किल्ली देईपर्यंत

वय वाढल्यावर आपली क्लासिक (जुनी, जपलेली) स्पोर्ट्‌स कार दुसऱ्याला देण्याचं काम बहुतेक मालक दोन-तीन वर्षं उशिरा हाती घेतात. तोवर गाडी महिनोन्‌महिने जागची हललेली नसते, ब्रेक धरलेले असतात, टाकीतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येत असतो आणि मालकाला गुडघ्यांमुळे खाली वाकून काही दाखवता येत नाही. शेवटी घरचे लोक 'आहे तशी घेऊन जा' म्हणून मिळेल त्या भावात मोकळे होतात.

या गाड्यांची निम्मी माहिती मालकाच्या डोक्यात असते. थंडीत चोक किती ओढायचा, दुसरा गिअर पहिले दोन किलोमीटर का अडतो, मागच्या ब्रेकचे सिलिंडर नक्की कोणत्या मॉडेलचे बसवले आहेत, हे कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. म्हणून आमचं म्हणणं एवढंच: जोवर तुम्ही नव्या मालकाच्या शेजारी बसून हे सगळं सांगू शकता, तोवर गाडी द्या. पुढचा सगळा क्रम त्या हिशेबाने लावला आहे. घाई न करता करायचं म्हटलं तर सहा महिने ते वर्ष हाताशी ठेवा.

प्रश्न शरीराचा की गाडीचा?

'आता जमत नाही' या एका वाक्यात चार-पाच वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि त्यातल्या काही खरं तर गाडीच्या असतात. गाडी बंद उभी असतानाच पुढच्या गोष्टी करून बघा. सोबत कोणीतरी हवं; स्वतःच स्वतःची परीक्षा घेतली की गुण नेहमी जास्तच पडतात.

आधी बाहेर पडणं. छत चढवलेलं, काचा बंद, पट्टा लावलेला. पट्टा सोडून दोन्ही पायांवर बाहेर उभं राहायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. पंधरा सेकंदांच्या वर जात असेल किंवा कोणाचा हात धरावा लागत असेल, तर ही नुसती गैरसोय नाही. या गाड्यांत कार्ब्युरेटर, पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारी नळी) एकमेकांना लागून असतात. आग लागली तर विचार करायला वेळ मिळत नाही. जाता जाता दारही बघून घ्या. उठताना दारावर भार टाकायची सवय लागली की बिजागरीची पिन झिजते, दाराचं मागचं टोक दोन-तीन मिलिमीटर खाली बसतं आणि कुलपाच्या खाचेखाली रंगावर नवा ओरखडा दिसू लागतो. मालक कबूल करत नसला तरी हा ओरखडा सगळं सांगून जातो.

मग क्लच. पूर्ण दाबून तीस सेकंद धरा, सोडा, असं तीनदा. तिसऱ्या वेळी मांडी थरथरत असेल तर वाहतुकीच्या कोंडीत काय होतं हे वेगळं सांगायला नको. ब्रेकचं गणित आणखी कडक आहे. सर्वो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नसलेल्या गाडीत करकचून थांबायचं तर पेडलवर चाळीस-पन्नास किलोपर्यंत जोर लागू शकतो. रोजच्या आधुनिक गाडीत पाय नुसता टेकवायची सवय झालेली असते, त्यामुळे ऐन वेळी तो पुरेसा दाबला जात नाही. रिकाम्या मोकळ्या जागेत ताशी पन्नासच्या वेगावरून चार-पाचदा जोरात थांबून बघा. प्रत्येक वेळी अंतर वाढत गेलं, तर पाय थकतोय की ब्रेक तापून मंदावताहेत, हे दुसऱ्या कोणाला चालवायला देऊन ठरवा.

मान वळवून मागचा कोपरा दिसतो का, तेही छत चढवूनच बघा. छत उतरवलेलं असताना सगळ्यांनाच सगळं दिसतं. राहिले डोळे. वयाबरोबर बाहुली लहान राहते, भिंग पिवळसर होतं आणि समोरून प्रखर दिवा आला की पुन्हा नीट दिसायला जास्त वेळ लागतो. त्यात खालच्या सीटमुळे हल्लीच्या उंच गाड्यांचे दिवे थेट डोळ्यांच्या रेषेत येतात. डोळ्यांची तपासणी आणि चालू असलेल्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलणं हे या टप्प्यावरच उरका. वाहन चालवण्याच्या क्षमतेची तपासणी करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट अनेक ठिकाणी असतात. घरात यावरून वाद होत असेल तर तिसऱ्या माणसाचं मत फार उपयोगी पडतं.

एक गोष्ट घरच्यांनी नीट समजून घ्यायला हवी. ही गाडी सोडणं आणि गाडी चालवणंच सोडणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग आणि उंच सीट असलेली गाडी माणूस पुढे कित्येक वर्षं व्यवस्थित चालवू शकतो. दोन्ही विषय एकाच बैठकीत काढले तर मालक दोन्हीला नाही म्हणतो.

गाडी हलकी करून काही वर्षं मिळतात का?

पुष्कळदा मिळतात. पण आधी गाडी मूळची जड आहे की देखभालीअभावी जड झाली आहे, हे बघा. एमजीबी या ब्रिटिश गाडीसारख्या किंगपिनच्या (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या उभ्या खिळ्याच्या) गाडीत पुढच्या प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडं) असतात. साधारण ५,००० किलोमीटरला, पुढची बाजू जॅकवर उचलून, म्हणजे किंगपिनवरचा भार काढून, ग्रीस भरावं लागतं. चाकं जमिनीवर असताना भरलं तर ग्रीस भार असलेल्या बाजूला पोचतच नाही आणि स्टिअरिंग वर्षागणिक जड होत जातं. ट्रायम्फ स्पिटफायरची खालची ट्रनियन (चाकाच्या उभ्या दांड्याखालचा वळणारा सांधा) याच्या उलट. तिला ग्रीस नव्हे, ९० नंबरचं ईपी गिअर ऑइल लागतं. ती कोरडी राहिली तर स्टिअरिंग जड होतंच, पण वरचा उभा दांडा मोडून चाक निखळू शकतं. तेव्हा वयाला दोष देण्याआधी ऑइल गन हातात घ्या.

टायरमधली हवा कमी असली, टायर मूळच्यापेक्षा रुंद असले, हौसेने लहान स्टिअरिंग व्हील बसवलेलं असलं, तरी हाताला जोर पडतो. ४० सेंटिमीटर व्यासाचं स्टिअरिंगचं चाक काढून ३५चं लावलं की लागणारी ताकद सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. मूळचं मोठं चाक माळ्यावर असेल तर ते परत लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

स्टिअरिंगच्या दांड्यावर बसणारे इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचे संच जॅग्वार ई-टाइप, एमजीबी, ऑस्टिन-हीली अशा गाड्यांसाठी मिळतात. डॅशबोर्डखाली लपतात आणि काम नीट केलं तर पुन्हा काढताही येतात. अडचण विजेची असते. गाडी लावताना ही मोटर एकदम मोठा प्रवाह ओढते आणि लुकास कंपनीचा सी४० डायनॅमो (वीज तयार करणारं जुनं यंत्र) जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तोही इंजिन फिरत असताना. आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) तो जवळजवळ काहीच देत नाही. त्यामुळे डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर (जास्त वीज देणारं नवं यंत्र) घातल्याशिवाय हा संच बसवू नका; बसवलात तर दिवे मंदावतील आणि बॅटरी उतरेल.

हायड्रॉलिक क्लच जड वाटत असेल तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेल ढकलणारा) थोड्या लहान बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, घालता येतो. पाऊण इंचाच्या जागी ०.७० इंचाचा घातला तर पेडल सुमारे १३ टक्के हलकं होतं. पण क्लचकडच्या स्लेव्ह सिलिंडरची दांडीही तेवढीच कमी सरकते. आधीच पेडलची पिन आणि लिंकचं भोक झिजलेलं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि पहिला गिअर खरखरतो. म्हणून आधी पिना बदला, मग सिलिंडरचं बघा. केबलच्या क्लचमध्ये नवी केबल आणि पेडलच्या बुशाला ग्रीस एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

दिव्यांचंही तसंच. पन्नास-साठ वर्षांच्या वायरी आणि स्विचमधून जाताना व्होल्टेज गळतं, आणि बल्बला दहा टक्के कमी व्होल्टेज मिळालं की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. बॅटरीवरून थेट रिले (मोठा प्रवाह पेलणारा स्विच) लावून दिवे जोडले की तेच बल्ब वेगळे वाटतात.

गाडीत उतरण्या-चढण्याला मात्र फारसा यांत्रिक उपाय नाही. पटकन निघणारं स्टिअरिंग व्हील थोडी मदत करतं. सीटवर गुळगुळीत कापड टाकून आधी बूड टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे, ही पद्धतही बरी. हात दाराखालच्या सिलवर टेकवा. विंडस्क्रीनची चौकट धरून लोंबकळलात तर चौकट वाकते आणि काच तडकते. बाहेर पडण्याच्या परीक्षेत सपशेल नापास झाला असाल, तर वरचा कुठलाही खर्च करू नका. थेट पुढच्या कामाला लागा.

मधला मार्ग म्हणून काही जण मर्यादा घालून घेतात: रात्री नाही, पावसात नाही, महामार्गावर नाही. चांगली गोष्ट आहे, फक्त तिला तळाची रेषा हवी. महिन्यातून एकदा तरी पंचवीस-तीस किलोमीटर, म्हणजे इंजिनाचं तेल पूर्ण तापेल इतकी गाडी चालत नसेल, तर ती बिघडत चालली आहे असं धरा. गॅरेजात पाच मिनिटं सुरू करून बंद करणं हा सगळ्यात वाईट प्रकार. त्याने सायलेन्सरात आणि तेलात पाणी साठतं, बॅटरी भरत नाही आणि मालकाला उगाच काळजी घेतल्याचं समाधान मिळतं.

डोक्यातलं आधी कागदावर

जाहिरात, फोटो, किंमत हे सगळं नंतर. पहिलं काम गाडीची वही. एक जाड वही किंवा मोबाइलवर वीसेक छोटे व्हिडिओ, जे जमेल ते. मदतीला तरुण हात असेल तर त्याने मोबाइल धरावा आणि तुम्ही बोलत जावं.

थंड इंजिन सुरू करण्याचा क्रम सगळ्यात आधी नोंदवा: गाडीतल्या पेट्रोल पंपाची टकटक थांबेपर्यंत थांबायचं का, चोक पूर्ण की अर्धा, ॲक्सिलरेटर दाबायचा की नाही, चोक कधी आत ढकलायचा. तापलेलं इंजिन सुरू होत नसेल तर वेगळी युक्ती असते, तीही लिहा. मग विजेची बाजू. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. एमजीबीत ही पद्धत १९६७पर्यंत होती. तुमची गाडी नंतर बदलून घेतली असेल तर तेही ठळक लिहा, कारण नवा माणूस पुस्तकावर विश्वास ठेवून उलटी बॅटरी जोडेल आणि अल्टरनेटर जाळून ठेवेल. एमजीबीतच कित्येक वर्षं सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या. आता एकच १२ व्होल्टची आहे का? बॅटरी तोडणारा कट-ऑफ स्विच कुठे लपवलाय?

तेलं कोणती ते लिहा. ब्रेकमध्ये डॉट ४ आहे की सिलिकॉनचं डॉट ५, हे तर मास्टर सिलिंडरच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवूनच सांगा. ही दोन एकमेकांत मिसळत नाहीत आणि नवा मालक पहिल्याच आठवड्यात वर थोडं ओतणार हे धरून चाला. एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या तेलाच्या नळकांड्यात) पातळ, २० नंबरचं तेल जातं. तिथे कोणी इंजिनाचं जाड तेल भरलं तर पिस्टन सावकाश उठतो आणि गाडी ॲक्सिलरेटरला उशिरा साथ देते.

तारेची चाकं असतील तर मधल्या नटाचं सांगा. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट असतात. नटावर सैल करायची दिशा कोरलेली असते, ती बघूनच तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीने ठोकायचं. कधीकाळी हब (चाक बसतं तो मधला भाग) काढून उलटसुलट बसवले गेले असतील तर नट चालत्या गाडीत सुटतो. ती हातोडी गाडीबरोबरच जायला हवी.

सुटे भाग एकेक करून खोक्यांत भरा आणि चिठ्ठ्या लावा: नवा, वापरलेला पण चांगला, गाडीचा मूळचा काढून ठेवलेला. तिसऱ्या खोक्याची किंमत घरच्यांना कळत नाही. भंगारात जातं ते नेमकं तेच.

कागद

नोंदणीचे कागद कोणाच्या नावावर आहेत हे उघडून बघा. वडिलांच्या, बंद पडलेल्या भागीदारीच्या किंवा दिवंगत जोडीदाराच्या नावावरच्या गाड्या आश्चर्य वाटावं इतक्या सापडतात आणि त्यातच महिने जातात. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरून स्वतः वाचा, फोटो काढा आणि कागदाशी अक्षर-अक्षर जुळवा. एका आकड्याची जुनी चूक ऐन हस्तांतरणाच्या दिवशी व्यवहार अडवते.

मूळ नंबर जुळतात असा दावा करायचा तर पुरावा हवा. एमजी, ऑस्टिन अशा ब्रिटिश गाड्यांसाठी इंग्लंडमधल्या गेडन इथलं ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदींवरून हेरिटेज सर्टिफिकेट देतं. जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट आहे. त्यात गाडी तयार झाल्याची तारीख, मूळ रंग आणि मूळ इंजिन नंबर अशा नोंदी मिळतात. एमजीबीच्या इंजिनावर नंबराची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते, म्हणजे ती दुसऱ्या इंजिनावर जाऊ शकते. तेव्हा पट्टी जुळते एवढंच सांगा, त्यापुढे जाऊन छातीठोकपणे बोलू नका. १९६६मध्ये स्थापन झालेली फिवा ही आंतरराष्ट्रीय संघटना तीस वर्षांवरच्या गाड्यांना ओळखपत्र देते. परदेशी गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग होतो.

बिलं तारखेप्रमाणे लावा. खर्चाची बेरीज करू नका. ती बघून तुम्हालाच त्रास होईल आणि गिऱ्हाईक त्यावरून एक पैसाही जास्त देणार नाही. विमा 'ठरलेल्या किमतीचा' (गाडी गेली तर आधी ठरलेली रक्कम देणारा) आहे का ते बघा आणि नाव हस्तांतरित होईपर्यंत तो अजिबात बंद करू नका.

काय दुरुस्त करायचं, काय तसंच ठेवायचं

विकण्यासाठी रंग मारू नका. नवा रंग बघितला की जाणत्या माणसाला पहिली शंका येते ती खालच्या गंजाची. कारखान्याच्या रंगाची जाडी साधारण ८० ते १५० मायक्रॉन असते. जाडी मोजायचं यंत्र हजाराच्या पुढे गेलं की खाली पुट्टी आहे. गिऱ्हाईक हे यंत्र खिशात घेऊनच येतो, म्हणून त्याच्याआधी तुम्हीच सगळ्या पत्र्यावर फिरवून आकडे लिहून ठेवा. सिल, जॅक लावायच्या जागा, पायाखालचा पत्रा आणि चाकांच्या कमानींमागचे कोपरे खालून बघा. गंज सापडला तर फोटो काढा आणि सांगा.

अपहोल्स्ट्री, क्रोम, डॅशबोर्डच्या तडा तशाच राहू द्या. पैसा सुरक्षितपणे चालण्या-थांबण्यावर घाला. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या, आर९ दर्जाच्या घाला. जुनं रबर इथेनॉलने मऊ पडतं किंवा तडकतं आणि थेंब नेमका तापलेल्या जागी पडतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला. एक चाक ब्रेक सोडल्यावरही धरून राहत असेल तर कॅलिपर (ब्रेकची पकड) उघडण्याआधी ब्रेकची रबरी होज, म्हणजे नळी, बदलून बघा. ती आतून फुगून बंद होते, बाहेरून मात्र नवी दिसते. टायरवर छापलेल्या डॉट या निर्मिती-कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा कितीही खोल असल्या तरी दहा वर्षांवरच्या टायरवर कोणालाही चक्कर मारायला बसवू नका.

इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करून आकडे फाइलला लावा. इंजिन तापवा, सगळे प्लग काढा, इग्निशन तोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरसाठी पाच-सहा फेरे सेल्फ मारा. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांच्या आत फरक असेल तर ठीक. एखादा खूप कमी आला तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर गॅस्केट मधोमध फुटलंय. हे बिल छोटं असेल तर काम करून घ्या. रिंगांसाठी इंजिन उघडू नका, तेवढी किंमत कमी करा.

गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी उभी राहणार असेल तर चार्ज टिकवणारा मेंटेनर लावा. भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४च्या खाली राहिली की प्लेटांवर सल्फेट चढू लागतं. हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावा. कव्हर हवा खेळणारं हवं. प्लॅस्टिकचं कव्हर गाडीला आतून घाम आणतं.

किंमत

जाहिरातीतला आकडा म्हणजे कोणाची तरी इच्छा असते. झालेले व्यवहार बघा. लिलावांचे निकाल उघड असतात, पण त्यात बहुधा गिऱ्हाइकाने भरलेला दहा-पंधरा टक्के प्रीमियम मिळवलेला असतो आणि विकणाऱ्याचं कमिशन वजा झालेलं नसतं. हातात येणारी रक्कम बरीच कमी असते.

हॅगर्टीसारख्या क्लासिक गाड्यांच्या किंमतदर्शकांत १ ते ४ अशी प्रतवारी असते: १ म्हणजे स्पर्धेत बक्षीस मिळवणारी, २ उत्तम, ३ चांगली चालती, ४ कामचलाऊ. मालक आपली गाडी २मध्ये धरतो. ती बहुतेक वेळा ३ असते. मार्क क्लबमधल्या (एकाच बनावटीच्या गाड्यांच्या मालकांच्या संघटनेतल्या) दोन जाणत्यांना वेगवेगळं बोलावून प्रत ठरवून घ्या, मात्र त्यांच्यापैकी कोणालाच गाडी घ्यायची नाही ना, याची आधी खात्री करा.

कोणाला द्यायची

घरात द्यायची असेल तर स्पष्ट विचारा. 'बाबांची गाडी' म्हणून हो म्हणणारा मुलगा वेगळा आणि शनिवारी हात काळे करणारा वेगळा. तीन प्रश्न पुरतात: बंद जागा आहे का, वर्षाचा खर्च कोण करणार, आणि पुढच्या तीन महिन्यांत माझ्याकडे येऊन चार-सहा वेळा शिकशील का? तिसऱ्याचं उत्तर टाळलं गेलं तर गाडी बाहेर द्या. मुलं एकाहून जास्त असतील तर गाडीची किंमत धरून वाटणी लेखी करा. मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्रात गाडीचा वेगळा उल्लेख हवा. वही आणि खोकी कुठे आहेत हेही त्यात यावं. स्मरणशक्तीची तक्रार नुकती सुरू झाली असेल तर हे कागद ताबडतोब करा, कारण सही ग्राह्य धरली जाण्याचा काळ मर्यादित असतो.

क्लबमधला माणूस हे बहुतेकांसाठी सगळ्यात चांगलं घर. किंमत थोडी कमी मिळते, पण त्याला गाडी कळते आणि व्यवहारानंतर कटकट होत नाही. दुर्मीळ आणि भक्कम कागदपत्रांची गाडी असेल तरच लिलाव. तिथे राखीव किंमत, न विकल्यास लागणारं शुल्क आणि वाहतुकीचा खर्च आधी लेखी घ्या. लिलावात न विकलेली गाडी काही काळ सगळ्यांच्या लक्षात राहते आणि पुढचा गिऱ्हाईक तिथूनच घासाघीस सुरू करतो.

व्यापाऱ्याच्या शोरूमवर विक्रीसाठी ठेवायची असेल तर करार बारकाईने वाचा. तुम्हाला हातात किती येणार, किती दिवसांत, तिथे असताना विमा कोणाचा, चक्कर कोण मारणार, आणि आलेले पैसे वेगळ्या खात्यात राहणार का. पैसे पूर्ण येईपर्यंत मालकीचे मूळ कागद तुमच्याकडेच ठेवा. व्यापारी बुडाला तर कागद नसलेल्या मालकाला आपलीच गाडी सोडवून घ्यायला वकील लागतो.

संग्रहालयाला देण्याची कल्पना सुंदर वाटते. प्रत्यक्षात त्यांच्याकडे त्या मॉडेलची एखादी गाडी असतेच, आणि घेतलीच तर पुढे विकण्याचा हक्क ते राखून ठेवतात. ते मान्य नसेल तर दानपत्रात तसं लिहून घ्या. लिहायला तयार नसतील, तर काय ते समजून जा.

जाहिरात आणि गिऱ्हाईक

फोटो ढगाळ उजेडात, सावली नसलेल्या जागी काढा. पन्नास-साठ तरी हवेत आणि त्यात निम्मे खालच्या बाजूचे, कोपऱ्यांचे आणि दोषांचे. थंड इंजिन सुरू होतानाचा, मध्ये न तोडलेला व्हिडिओ टाका. तेलाच्या दाबाचा काटा त्यात दिसू द्या. लेखात विशेषणं कमी आणि तारखा जास्त. 'लाडकी', 'जिवापाड जपलेली' असे शब्द बघून भाव पाडणारे लोक आधी येतात.

घरी एकट्याने गिऱ्हाईक बोलावू नका. वयस्कर मालक एकटा दिसला की दबाव टाकणारे भेटतात: 'आत्ता रोख देतो, आत्ता सही करा.' किंमत, शेवटचा आकडा आणि 'उद्या कळवतो' हे वाक्य आधीच ठरवून ठेवा. चक्कर मारायला देण्याआधी परवाना बघा, तुमचा विमा दुसऱ्या चालकाला लागू आहे का ते तपासा. आधी तुम्ही किंवा तुमचा माणूस चालवेल, परतताना गिऱ्हाईक. जागा बदलताना किल्ली हातात ठेवा.

पैशांच्या फसवणुकीचे ठरलेले दोन प्रकार आहेत. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा ड्राफ्ट पाठवून वरचे पैसे 'वाहतूकदाराला' द्यायला सांगणारा, आणि गाडी न बघताच विसार पाठवायला उतावीळ झालेला. ड्राफ्ट खरा आहे का हे देणाऱ्या बँकेला विचारा, तेही ड्राफ्टवर छापलेल्या नंबरवर नव्हे, स्वतः शोधलेल्या नंबरवर. खात्यात पैसे जमा दिसले तरी ते परत जाणार नाहीत ना, हे बँकेकडून पक्कं झाल्यावरच किल्ली द्या.

देण्याचा दिवस

सकाळी, इंजिन थंड असताना. नव्या मालकाला स्वतः दोनदा सुरू करू द्या, तुम्ही शेजारी बसा आणि हात मांडीवर ठेवा. मग चाक काढून बसवणं, छत चढवणं-उतरवणं, कट-ऑफ, तेल बघणं. छताची बटणं कोणत्या क्रमाने लावायची हे दाखवलं नाही तर पहिल्याच पावसात कापड फाटतं.

पावतीवर तारीख आणि वेळ, मीटरचं वाचन, दोन्ही नंबर, 'आहे त्या स्थितीत' ही नोंद आणि सांगितलेले दोष, दोघांच्या सह्या. त्याच दिवशी नोंदणी कार्यालयाला कळवा. टोलचा टॅग, ट्रॅकर, गॅरेजचा रिमोट काढून घ्या. विमा सगळ्यात शेवटी, हस्तांतरण पोचल्याची खात्री झाल्यावर.

आठवण म्हणून मूळ बॅज, टूल किट किंवा पुस्तिका ठेवून घेऊ नका, त्याने गाडी अपुरी होते. बदललेला जुना प्लग, नकलेचं स्टिअरिंग व्हील, बिलांच्या झेरॉक्स काय हव्या त्या ठेवा. पुढे कधी विकायची झाली तर आधी कळवावं, किंवा वर्षातून एकदा शेजारच्या सीटवर बसवून फिरवावं, अशी अट घालायची असेल तर किंमत ठरण्याआधी बोला. कायद्याने ती फारशी टिकत नाही, पण भला माणूस पाळतो. आणि शेजारच्या सीटवर बसायचं तरी बाहेर पडण्याची परीक्षा आहेच, हे विसरू नका.

नंतरचे दोन-तीन महिने

पहिल्या महिन्यात फोन येतील: सुरू होत नाही, पेट्रोलचा वास येतो, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन सावकाश ठेवणारा जादा गिअर) लागत नाही. ते येणारच, त्यासाठी एक वेळ ठरवून द्या. तक्रार नसते बहुधा, नुसती घाबरगुंडी असते. मात्र गाडी बघायला त्याच्या घरी लगेच जाऊ नका. त्याने सीटचा रंग बदललेला असतो आणि तो तुम्हाला आवडत नाही.

लगेच दुसरी गाडी घेण्याचा मोह आवरा. हलकी, पॉवर स्टिअरिंगची छोटी दोन सीटची गाडी हा सोपा पर्याय वाटतो, पण तिचीही सीट जवळजवळ तितकीच खाली असते. आधी एक दिवस भाड्याने घेऊन दहा वेळा आत-बाहेर करून बघा. क्लबला तांत्रिक सल्ला देणारे, स्पर्धेत परीक्षण करणारे आणि जुन्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग कानाने ऐकून सांगणारे लोक नेहमी कमीच पडतात. तिथे गुडघे आड येत नाहीत.

गॅरेज रिकामं करताना जुनं पेट्रोल, ब्रेक ऑइल आणि काळं तेल गटारात किंवा मातीत ओतू नका. वेगवेगळ्या डब्यांत भरून, चिठ्ठी लावून घातक कचरा घेणाऱ्या ठिकाणी द्या. गाडीच्या जॅकने किंवा स्टँडने आता काही उचलायचं नसलं तरी ते भंगारात घालण्याआधी नव्या मालकाला विचारा. विक्रीची पावती, नोंदणी कार्यालयाची पोच आणि बँकेचा उतारा एकत्र करून ठेवा. भांडवली नफ्यावर कर लागतो का, हे त्या वर्षीचं विवरणपत्र भरण्याआधी सल्लागाराला विचारा. तेव्हा खरेदीची जुनी पावती लागेल, म्हणून ती फाइलबरोबर देण्याआधी तिची प्रत काढून घ्या.